आप्तवाक्य

२०२४ साली कॉलेजात मी तत्त्वज्ञानाचा एक कोर्स घेतला. इंजिनिअरिंगच्या मुलीला हे कशाला, असे आईला वाटले. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "ज्याची तुम्हाला शंभर टक्के खात्री आहे अशी एक गोष्ट लिहा, आणि ती तुम्हाला कशी कळली तेही लिहा." मी सोपी वाट धरली आणि माझी जन्मतारीख लिहिली. न्यू जर्सीतला दाखला आहे, मिनिटासकट वेळ आहे, आणखी काय हवे? सर हसून म्हणाले, "तू तिथे हजर होतीस, पण साक्षीदार नव्हतीस."

खरेच की! मी ते ऐकले आहे आणि वाचले आहे, एवढेच.

पुढे देकार्त आला. १६४१ च्या आपल्या ग्रंथात त्याने जिथे म्हणून शंका घेता येईल तिथे घेतली. शेवटी उरला फक्त विचार करणारा 'मी'. पण तो 'मी' कधी आणि कोणाच्या पोटी जन्मला, हे त्यातून कळत नाही. आपल्याकडच्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आप्त म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो ते खरे सांगतो असा माणूस. चार्वाकांना हे मान्य नव्हते, त्यांचा भरवसा फक्त प्रत्यक्षावर. (बिचाऱ्यांना स्वतःचा वाढदिवस कसा साजरा करता आला असेल?) गंमत म्हणजे मराठीत आप्त म्हणजे नातेवाईकसुद्धा. हे वाचताना मला आमची आक्काआजी आठवली.

आक्काआजी म्हणजे माझ्या आजोबांची, आबांची थोरली बहीण. ती कोकणात राहते. २०२३ मध्ये बाबांनी आबांच्या ग्रीन कार्डाचे कागद जमवायला घेतले. आबांचा जन्मदाखला नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४७ आहे. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजी तीच तारीख घालायचे. थोरल्या चुलतभावाबरोबर शाळेत बसवता यावे म्हणून आबांचे वयही थोडे वाढवले होते. त्यामुळे ते प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले ३१ मे २००५ ला, म्हणजे वर्षभराहून अधिक आधी. त्या पगाराचा हिशेब आबा अजून मांडतात!

कागदांत जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या व्यक्तीचे शपथपत्रही हवे होते. अशी एकच व्यक्ती हयात होती. वकिलांनी मजकूर करून दिला, पण आक्काआजी सही करीना.

"तो जूनमधला नाहीच. नारळी पौर्णिमेचा आहे, गांधीजी गेले त्या सालातला. शपथेवर खोटं कसं लिहू?"

मी व्हिडिओ कॉलवर होते. विचारले, "आक्काआजी, तू तेव्हा सहा-सात वर्षांची होतीस. नक्की आठवतं, की मागून कोणी सांगितलं?"

ती रागावली नाही. म्हणाली, "आई बाळंतीण होत होती म्हणून त्या दिवशी घरात नारळीभात झाला नाही. मी भोकाड पसरलं. ते माझं आठवणं. साल मात्र आईनं सांगितलेलं."

इतके नेमके उत्तर नंतरच्या आमच्या वर्गातही कोणी दिले नाही. पाहिलेले वेगळे आणि ऐकलेले वेगळे. मी पंचांग पाहिले. १९४८ ची नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात होती. १९४७ साली श्रावण अधिक आला होता, म्हणून पौर्णिमा ऑगस्टअखेर, स्वातंत्र्यानंतर पंधरवड्याने पडली. तेव्हाचा जन्म असता तर पणजीने खूण म्हणून गांधीजींचे जाणे नव्हे, स्वातंत्र्यच सांगितले असते. हे अर्थात माझे अनुमान.

पण पासपोर्टवर, पेन्शनच्या कागदांवर सगळीकडे १ जून. बाबा हवालदिल झाले. शेवटी आक्काआजीनेच मजकूर बदलून घेतला. हा माझा सख्खा भाऊ, अमुक आईबापांच्या पोटी, अमुक गावात, आमच्याच घरात जन्मला, हे मी जाणते; शाळेच्या दाखल्यावर तारीख १ जून १९४७ आहे. तेवढ्यावर तिने सही केली.

मी म्हटले, "पण खरी तारीख तू सांगितलीच नाहीस."

"मी लिहिलं त्यात खोटं काय आहे?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. कोर्सच्या शेवटच्या निबंधात मी हाच प्रश्न घेतला, तरीही सुटला नाही. न बोललेले सत्य खोट्यात धरायचे की नाही? बाबा म्हणतात, नाही. आई गप्प बसते. माझे मत दर आठवड्याला बदलते.

आबा आता आमच्याकडेच असतात. २०२५ च्या जूनमध्ये आम्ही केकवर ७८ चा आकडा लावला. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेला सकाळीच आक्काआजीचा फोन आला. राखी पोचली का, हे विचारून झाल्यावर आबा म्हणाले, "आक्का, कितवं लागलं गं मला?"

"सत्याहत्तर झाली, अठ्ठ्याहत्तरावं लागलं," ती पलीकडून म्हणाली. "नारळीभात केला का सूनबाईनं?"