हाडं बदलली तरी गाडी तीच?

मुळशीच्या पावसात, भुकूमसारख्या गावी जुनी गाडी राखायची तर गंजाशी गाठ ठरलेली. तिथल्या एखाद्या संग्राहकाने दोन हलक्या स्पोर्ट्‌स गाड्या शेजारी उभ्या केल्यात असं धरू: बेंगळुरूच्या सॅन मोटर्सची स्टॉर्म आणि इंग्लंडच्या लोटसची, १९९६ साली बाजारात आलेली एलिस. दोन्ही दोन आसनी, दोन्हींचं अंग फायबरचं, दोन्ही आपल्याकडे क्वचित दिसणाऱ्या. वेगात एलिस सरस, तो वाद लगेच मिटतो. अवघड प्रश्न वेगळाच आहे: एकेक भाग बदलत गेलो, तर गाडी तीच राहते का?

संग्राहकांचं रूढ उत्तर असं की मूळ द्रव्य जितकं शाबूत, तितकी गाडी अस्सल. हेच माप दोघींना लावून पाहा. स्टॉर्मचं ११४९ सीसीचं इंजिन रेनॉचं. त्याचे पार्ट शोधले तर मिळतात. अडतं ते अंगापाशी, कारण मोजक्या गाड्यांसाठी केलेले साचे आता कुठून आणायचे? एलिसचं उलट. तिचे पॅनेल मिळतात, पण सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून केलेला, जेमतेम ६८ किलोचा. जबर मार बसला की तो ठोकून सरळ करत नाहीत, अख्खा बदलतात. एकीची कातडी अमोल, दुसरीची हाडं. ओळख द्रव्यातच असती तर तिने अशी जागा बदलली नसती. अस्सलपणा म्हणून आपण जे जपतो, तो पुष्कळदा नुसता दुर्मिळपणा असतो.

बौद्ध भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला हेच विचारलं होतं: रथ म्हणजे आस, चाकं की जू? यांपैकी एकही नाही, आणि यांच्याहून वेगळाही काही नाही. आपल्या धर्माचारानेही हे पचवलं आहे. पुरीला नवकलेवरात, अलीकडे २०१५ साली, जगन्नाथाची काष्ठमूर्ती नवी झाली. पंढरपुरात विठ्ठलमूर्तीची झीज वज्रलेपाने रोखतात. दोन्हीकडे देव तोच, कारण सेवेत खंड नाही. कुणी म्हणेल, पुरीत जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत नेतात, म्हणजे शेवटी द्रव्यच की! पण तो नेणाऱ्याचेही डोळे बांधलेले असतात. तो काय आहे, कसा आहे, हे कुणी पारखत नाही. जपलं जातं ते हातातून हातात सोपवणं. मग उद्या बांधलेली हुबेहूब नक्कलही अस्सल मानायची का? नाही, कारण तिला असं कुणी कुणाकडे सोपवलेलंच नाही. जुन्या रंगाच्या थराला साक्षीचं मोल आहे, हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. म्हणून काढलेला भाग फेकू नये, बदलाची तारखेसह नोंद ठेवावी. पण साक्ष गेली म्हणजे गाडी गेली असं होत नाही.

सेवेत खंड न पडण्याच्या या कसोटीवर मी स्टॉर्मला वर ठेवतो. तिचं तडकलेलं अंग इथलाच कारागीर मॅट आणि रेझिन लावून सांधू शकतो, थोडं आज, थोडं पुढच्या पावसाळ्याआधी, आणि दरम्यान गाडी रस्त्यावर राहते. एलिसचा सांगाडा मोडला की तो सगळा एकदमच बदलावा लागतो.