वधूप्रवेशाचे सूर

ख्रिस्तमंदिरात लग्नविधी सुरू व्हायचा असतो. वधू पित्याचा हात धरून दारात उभी राहते आणि ऑर्गनवर ओळखीचे सूर उमटतात. हे सूर रिचर्ड वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ या ऑपेरातले. विधी आटोपून नवदांपत्य बाहेर पडते तेव्हा पुष्कळ ठिकाणी वाजते ती फेलिक्स मेंडेल्सझोनची रचना. या दोन सुरावटींमधले अंतर तासाभराचे. त्यांच्या कर्त्यांमधले मात्र फार मोठे आहे.

‘लोहेनग्रिन’ 1850 च्या ऑगस्टमध्ये वायमार येथे प्रथम रंगभूमीवर आला. पुढच्याच महिन्यात वाग्नरने टोपणनावाने एक लेख प्रसिद्ध केला. ज्यू माणसाच्या हातून अस्सल संगीत निर्माण होणे शक्य नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. ज्यू कुळात जन्मून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि तीनच वर्षांपूर्वी निवर्तलेल्या मेंडेल्सझोनला त्याने त्यात उदाहरण म्हणून उभे केले. 1869 मध्ये तोच लेख त्याने स्वतःच्या नावानिशी पुन्हा छापला. तो क्षणिक रागाचा उद्रेक नव्हता, हे उघड आहे.

अशा माणसाची प्रतिभा आम्ही कशी मोजावी?

वाग्नरचा अपराध असा की, कानांनी ऐकायचे संगीत त्याने कुळाच्या मापाने मोजले. त्याच्या मतांपायी त्याचे सूर बेसूर ठरवू लागलो, तर आम्हीही कान बाजूला ठेवून दुसरेच माप हाती घेऊ. अर्थात दोन्ही गोष्टी सारख्या नव्हेत. कूळ कोणी निवडत नाही. मत माणूस निवडतो आणि त्याचा जाब त्याला द्यावाच लागतो. परंतु तो जाब मताचा, सुरांचा नव्हे. याच न्यायाने, फ्रँकोच्या हुकूमशाहीचा निषेध म्हणून मायदेशाला पारखा झालेला पाब्लो कासाल्स आम्हांला वंदनीय वाटतो. पण त्याचा चेलो गोड वाजे तो त्या निषेधामुळे नव्हे.

येथवर सारे सोपे आहे. पण नाझींनी वाग्नरला डोक्यावर घेतले होते आणि 1938 पासून ज्यू वाद्यवृंदाने त्याचे संगीत वर्ज्य केले होते. 1981 मध्ये तेल अवीव येथे मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी वाग्नरची एक रचना वाजवायला घेतली. ज्यांना ऐकायचे नसेल त्यांनी खुशाल जावे, असे त्यांनी आधी सांगितले होते. तरीही नाझी छळातून वाचलेला सभागृहाचा एक कर्मचारी व्यासपीठावर चढला आणि त्याने आपल्या पोटावरील व्रण उघडे करून दाखवले.

त्या माणसापुढे आमचा युक्तिवाद आम्ही उच्चारू शकणार नाही. मात्र त्याने वाग्नरची प्रतिभा नाकारली, असेही आम्हांला वाटत नाही. ते सूर आपल्याला सोसवत नाहीत, एवढेच त्याने सांगितले. म्हणून गुणवत्ता, गौरव आणि श्रवण हे तीन निवाडे वेगळे ठेवावेत. गुणवत्ता कानांनी ठरवावी. गौरव करताना माणूसही पाहावा. आणि ज्याची जखम ओली आहे, त्याच्यावर श्रवणाची सक्ती करू नये.

वधूप्रवेशाला कोणते सूर असावेत, हे ज्या त्या घराने ठरवावे. वाग्नरच्या त्या लेखाला उत्तर मात्र दरवेळी विधीच्या शेवटी मिळते: मेंडेल्सझोन वाजतो आणि सारे ख्रिस्तमंदिर आनंदाने उभे राहते.