रिकामी खुर्ची कोणाची?

मागच्या पावसाळ्यात मी गाण्याच्या एका कार्यक्रमाचे दोन पास घेतले आणि गेलोच नाही. कारण सांगण्यासारखं नाही. पाऊस होता, कंटाळा आला होता आणि पास फुकट होते. रात्री मित्राचा मेसेज आला : 'पास संपले म्हणून गेटवरूनच परत आलो. आत म्हणे बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या.' त्यातल्या दोन माझ्या होत्या.

माझे पैसे बुडाले नाहीत, कोणी रागावलंही नाही. मग माझं नेमकं चुकलं काय?

नागपुरात गाण्याचे, नाटकाचे, चित्रपटाचे कितीतरी कार्यक्रम विनामूल्य होतात. कधी सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात, कधी विद्यापीठाच्या गुरुनानक भवनात. आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर येतं. आपण खाली 'नक्की येतो' लिहितो आणि विसरून जातो.

आपला पहिला बचाव ठरलेला : फुकटच तर होतं! पण फुकट म्हणजे बिनखर्चाचं नाही. सरकारी केंद्राचा कार्यक्रम असेल तर पैसा तुमच्या-आमच्या करातूनच येतो. शिवाय खुर्च्या मोजक्याच असतात. मी घेतलेल्या पासची किंमत मी दिली नाही. ती गेटवरून परत गेलेल्या मित्राने दिली.

दुसरा बचाव : माझ्या एकट्याने काय होतं? जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1785 साली खोट्या वचनाचं उदाहरण घेतलं होतं. परत करायचे नाहीत हे माहीत असताना 'परत करतो' म्हणून उसने पैसे मागणारा माणूस. सगळेच असं करू लागले तर 'परत करतो' या शब्दांवर कोण विश्वास ठेवील? आपल्या 'नक्की येतो'चं तेच झालंय. निम्मे लोक येणार नाहीत असं धरून आयोजक जास्त पास वाटतात. मग एखाद्या दिवशी सगळे येतात आणि पास हातात असलेला माणूस बाहेर उभा राहतो.

माझा हेतू कांटच्या माणसासारखा खोटा नव्हता, हे खरं. पास घेताना जायचंच होतं. पण जमत नाही हे दुपारीच कळलं होतं, तेव्हा एक फोन करून पास दुसऱ्याला देता आला असता. आजारपण, परीक्षा, शेवटची बस चुकण्याची भीती, ही कारणं खरीच असतात. न जाणं हा गुन्हा नाही. न कळवणं ही चूक.

तिसरा बचाव जरा अवघड आहे : चित्रपटाला काय फरक पडतो? नागपुरातच चित्रित झालेला नागराज मंजुळेंचा 'झुंड' रिकाम्या सभागृहातही तितकाच चालेल. पडद्यावरच्या पोरांना समोर कोण बसलंय ते कळत नाही. गाण्याचं तसं नसतं. समोर माणसं असली की गायक एखादी जागा पुन्हा घेतो, एखादी तान लांबवतो. दाद देणारा श्रोता त्या मैफलीत सामील असतो.

ज्यांच्या नावाचं हे सभागृह आहे त्या वसंतरावांचंच बघा. जन्म 1920चा, गाण्याचे धडे नागपुरात घेतले, पुढे बरीच वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं 1967 साली, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. 2022 साली त्यांच्यावर 'मी वसंतराव' हा चित्रपट आला, त्यात त्यांची भूमिका नातू राहुल देशपांडे यांनी केली. तोवर नाव सगळ्यांना माहीत होतं. पण 'कट्यार'च्या आधी त्यांना ऐकायला येऊन बसणाऱ्यांना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं. ते नुसते आले होते.

आज एखाद्या कॉलेजच्या पोरीचं पहिलं गाणं असेल, कोणाची पहिली शॉर्टफिल्म असेल. ती आवडलीच पाहिजे असं नाही. मध्यंतरात उठून जायलाही हरकत नाही. पण येतो म्हटल्यावर यायचं, किंवा खुर्ची सोडायची, एवढं देणं लागतोच.

परवा एका चित्रपटाच्या खेळाचं पोस्टर आलं. या वेळी मी एकच पास मागितला.