घरदार न विसरलेला कार्यकर्ता

शोकसभेत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘त्यांनी घरादाराकडे कधी पाहिलं नाही, सारं आयुष्य समाजाला वाहिलं.’ बोलणारा गहिवरतो, सभा माना डोलावते. पहिल्या रांगेत बायको-मुलं बसलेली असतात. आपल्याकडे पाहिलं गेलं नाही, हे त्यांना गौरव म्हणून ऐकावं लागतं.

या गौरवाची दुसरी बाजू मराठीत बायकांनी लिहून ठेवली आहे. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ वाचावं, साधनाताई आमट्यांची ‘समिधा’ वाचावी. थोर माणसाच्या घरात महिन्याची तोंडमिळवणी कोणी केली, आल्या-गेल्याला कोणी वाढलं, हे तिथे कळतं. या बायकांची नवऱ्याच्या कामावर निष्ठा होती, म्हणून त्यांचं लिहिणं नुसती तक्रार ठरत नाही. पण समाजसेवेचा खर्च घरात कुणाच्या नावावर पडतो, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

लेखक-कार्यकर्ते अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले, तेव्हा त्यांची ओरिगामी, बासरी, लाकडातली शिल्पं यांबद्दल खूप लिहिलं गेलं. मला त्यांच्या घरातली कामाची वाटणी अधिक महत्त्वाची वाटते. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून ते डॉक्टर झाले. पण रमले लिखाणात आणि चळवळीत. पत्नी डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ. घर चालायचं ते प्रामुख्याने त्यांच्या पगारावर. मग घरातलं पाहणं, मुक्ता आणि यशोदा या मुलींचं करणं, हा आपला वाटा असं अवचटांनी मानलं. बायकोच्या कमाईवर घर चालतं हे त्यांनी लपवलं नाही, उलट मोकळेपणाने लिहिलं. त्या पिढीत ते सोपं नव्हतं. आजही चारचौघांत असं सांगणारा नवरा शोधावा लागेल.

याचं फार कौतुकही करू नये. बाईने हेच केलं तर आपण त्याला नुसता संसार म्हणतो. शिवाय अवचट लेखांच्या निमित्ताने भरपूर हिंडत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बाया, हमाल, देवदासी यांच्याबद्दलचं त्यांचं लेखन घरात बसून झालेलं नाही. तेव्हा घर कुणी तोलून धरलं, हे उघड आहे. फरक इतकाच, की हिशेब दोघांना ठाऊक होता आणि दोघांना मान्य होता.

पुढे १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. पुण्यातली तरुण पोरं गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडत होती. अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि येरवड्याला व्यसनमुक्तीचं काम सुरू झालं. त्याची घडी बसवली सुनंदांनी. अवचट स्वतः हे श्रेय सतत त्यांनाच देत.

व्यसनाची झळ पहिल्यांदा घरालाच लागते. आधी भांडी जातात, मग मंगळसूत्र, मग मुलांच्या फीचे पैसे. माणूस महिनाभर उपचार घेऊन सुधारला, तरी परत जाणार त्याच दारात, जिथे त्याच्या शब्दावर कुणाचा विश्वास उरलेला नाही. म्हणून मुक्तांगणने उपचार एकट्या माणसापुरते ठेवले नाहीत. दाखल झालेला तो रुग्णमित्र, आणि त्याच्या बायकोसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट. दारुड्याच्या बायकोला तोवर ‘सांभाळून घे’ एवढाच सल्ला मिळत आलेला. इथे तिचं ऐकून घ्यायला माणसं बसली. व्यसनातून बाहेर आलेले कित्येक जण इथेच कार्यकर्ते झाले. घर ही क्षुल्लक बाब मानणाऱ्याला या कामाचं मर्म कळलं असतं, असं मला वाटत नाही.

कर्करोगाने सुनंदा १९९७ साली गेल्या. आजार अंगावर घेऊन त्या काम करत राहिल्या होत्या. आता मुक्तांगणची धुरा त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर सांभाळतात. एरवी समाजाला वाहून घेतलेल्या बापांची मुलं पुष्कळदा बापाच्या संस्थेचं नाव काढताच विषय बदलतात. त्यांना दोष देता येत नाही. बापाचा वेळ संस्थेने नेलेला असतो, आणि वर त्याबद्दल अभिमान बाळगण्याची अपेक्षा त्यांच्याकडूनच. अवचटांना मित्र, वाचक, रुग्णमित्र सगळेच ‘बाबा’ म्हणत. मुलींनी त्यावर कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.