अमानतीचे पाणी

लोणावळा-वळवणच्या तलावांचे पाणी घाट उतरते आणि खोपोलीत त्याची वीज होते. १९१५ पासून टाटांच्या या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. कोळशाचा धूर नाही. आज यालाच शाश्वत विकास म्हणतात, आणि ते खोटे नाही.

पण १९२१ साली शेजारच्या मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट तुरुंगात गेले; धरण झालेच, गावे बुडाली. कंपनीच्या वहीत बुडालेले शेत एकदाच येते, मोबदल्याच्या रकान्यात. अमानत मात्र भल्या कामासाठीसुद्धा ज्याची त्याला विचारल्यावाचून खर्चता येत नाही. मुळशीकरांना विचारले कोणी?

हा दोष एकट्या बाजाराचा म्हणावा, तर ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध रस्त्यावर उतरलेले तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मेले. ती योजना महापालिकेची होती.