पाळीच्या गावातली गिटार

ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनी रात्रीची हद्द आखून दिली आहे: रात्री दहा ते सकाळी सहा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, ही आवाजाची मर्यादा. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे गाव होते ते दिवसा जागे असते आणि रात्री झोपते. पिंपरी-चिंचवड तसे गाव नाही. चिखली-मोशीकडच्या एखाद्या इमारतीत रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळी कंपनीच्या बसमधून उतरतो, चार घास खातो, पडदे ओढतो आणि झोपतो. दुपारचा एक म्हणजे त्याची मध्यरात्र. त्याच्या वरच्या मजल्यावरचा दुसऱ्या पाळीचा मुलगा मात्र त्या वेळी मोकळा असतो, कारण त्याला दोननंतर निघायचे असते. पहिल्या पाळीचा माणूस चारला घरी येऊन टेकतो आणि रात्री नऊलाच अंथरुणाला पाठ लावतो, कारण पहाटे पाचला उठायचे असते. त्या इमारतीत दिवसाचा असा एकही तास नाही, जो कोणाची तरी रात्र नसतो. घरी इलेक्ट्रिक गिटारचा सराव करायचा तर हा मुद्दा आधी सोडवावा लागतो, आणि माझ्या मते आज तो मॉडेलिंग हेडफोनइतका, म्हणजे अ‍ॅम्पचा आवाज गणिताने घडवून थेट कानात देणाऱ्या हेडफोनइतका, नीट दुसरे काहीच सोडवत नाही. घड्याळ पाहून वाजवणे हा इथे उपाय होऊ शकत नाही.

हे गाव असे का झाले ते सर्वांना माहीत आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे आकुर्डीत बजाज, चिंचवड-पिंपरीत टेल्को, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, आणि अलीकडच्या काळात चाकणचा वाहन उद्योग. कोट्यवधींची यंत्रे आठ तास चालवून सोळा तास बंद ठेवणे कोणाला परवडत नाही, म्हणून पाळ्या आल्या. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सतरा लाखांवर गेली होती, आणि ती प्रामुख्याने एकावर एक घरांत राहते. इथे गिटारचा एक भौतिक गुण आड येतो. तिच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा, म्हणजे हवेतली त्याची लहर चार मीटरहून लांब. चार किंवा सहा इंची भिंत बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडवते, पण अशी लांब लहर तिला जुमानत नाही. त्यातून अ‍ॅम्प फरशीवर ठेवला असेल तर स्लॅबच तो आवाज खालच्या घरात पोचवतो. वीस वॉटचा साधा सरावाचा अ‍ॅम्पसुद्धा त्याला पुरेसा होतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की तबला चालतो, हार्मोनियम चालते, मिक्सर आणि ड्रिल चालते, गणपतीत ढोल-ताशाही चालतो. मग गिटारवाल्यानेच कानात कोंडून का घ्यावे? आक्षेप वजनदार आहे. पण उत्सव आधी ठाऊक असतो, तो सगळ्यांचा असतो आणि संपतो. सराव संपत नाही. तीच दोन मापे ऐंशीच्या लयीत, मग चौऱ्याऐंशीच्या, मग पुन्हा ऐंशीच्या, असा तो रोज चालतो, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात त्यातून काहीच पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जुलैमध्ये ध्वनिप्रदूषणावर दिलेल्या निकालात म्हटले आहे की कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध ऐकायला भाग पाडता येत नाही. ते प्रकरण मुख्यतः ध्वनिक्षेपकांचे आणि फटाक्यांचे होते. पण त्यातले तत्त्व भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला जास्तच लागू पडते, कारण पुढच्या रात्री त्याला प्रेसखाली हात घालून काम करायचे असते. त्याची झोप हा त्याच्या बोटांच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

आणि यात वाजवणाऱ्याचाही फायदा आहे, जो सहसा कोणी मोजत नाही. शेजार ऐकतो आहे हे माहीत असले की हात आपोआप येणारे तेच वाजवू लागतो. चुकणारा तुकडा बाजूला पडतो, कारण चूक सगळ्या मजल्याला ऐकू जाते. सरावाचे सादरीकरण होऊन बसते, आणि सादरीकरणाने हात सुधारत नाही. एकच चुकीची जागा चाळीस वेळा चुकण्याची मोकळीक हवी असते. पूर्वी गवई पहाटे नदीकाठी किंवा देवळाच्या ओवरीत जाऊन रियाझ करत, त्यात एकान्ताची ही गरज होतीच. पवना नदीला आज ना तो काठ उरला आहे, ना तिथे विजेचे बटण आहे.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इलेक्ट्रिक गिटार भरीव लाकडाची. अ‍ॅम्प न लावता ती जवळजवळ मुकीच असते. मग तशीच वाजवावी, हेडफोन कशाला? कारण न जोडलेली गिटार हाताला खोटे शिकवते. ऐकू यावे म्हणून उजवा हात गरजेपेक्षा जोरात मारू लागतो आणि डावा हात तारा गरजेपेक्षा घट्ट दाबतो. याहून मोठी गोष्ट म्हणजे, या वाद्याचे अर्धे कौशल्य स्वर काढण्यात असते आणि अर्धे नको असलेले स्वर दाबून धरण्यात. डिस्टॉर्शन चढवले की मोठा आणि लहान आवाज यांतले अंतर कमी होते. जी तार चुकून तळहाताखालून सुटली, जिच्यावर बोट नुसते घासले, तिचाही आवाज मुख्य स्वराच्या बरोबरीने वर येतो. उजव्या तळहाताची कड गिटारच्या ब्रिजशी ठेवायची, डाव्या तर्जनीचे टोक वरच्या तारेला टेकवायचे, ही सारी मूकपणाची शिस्त न जोडलेल्या गिटारवर कळतच नाही, कारण तिथे चूक ऐकूच येत नाही. वर्षभर असा कोरडा सराव केलेला मुलगा पहिल्यांदा अ‍ॅम्पसमोर उभा राहतो तेव्हा सगळ्या तारा एकदम बोलू लागतात. म्हणजे या वाद्याला खरा आवाज हवा, फक्त तो दुसऱ्याच्या घरात नको.

खरा आवाज म्हणजे काय, हा मग पुढचा वाद. व्हॉल्व्हवर चालणारा जुना अ‍ॅम्प पूर्ण चढवला की त्याचे व्हॉल्व्ह आणि स्पीकर ताणले जातात आणि तो हवाहवासा कर्कश भरीवपणा येतो. आवाज कमी केला की तो गुण जातो. म्हणजे सूर आणि शेजारधर्म यांचे भांडण त्या यंत्राच्या घडणीतच आहे. ते सोडवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत एक कारखान्यातला माणूस होता, ही गोष्ट इथल्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. टॉम शोल्झ हा एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झालेला, पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारा. नोकरी सांभाळून तो घराच्या तळघरात ध्वनिमुद्रण करत असे, आणि त्याच्या बोस्टन या बँडचा १९७६ चा पहिला अल्बम बराचसा तिथूनच आला. पुढे त्याने स्वतःची कंपनी काढली आणि १९८२ मध्ये रॉकमन बाजारात आणला: कमरेला अडकवायचा, हेडफोनवर ऐकायचा गिटार अ‍ॅम्प. सरावासाठी केलेली ही डबी पुढे थेट स्टुडिओत गेली. डेफ लेपर्ड बँडच्या १९८७ च्या ‘हिस्टेरिया’ अल्बमवरच्या गिटारी तिच्यातून वाजल्या आहेत. रॉकमनमध्ये साधे अ‍ॅनालॉग सर्किट होते. रोलंडचे व्हीजी-८ १९९५ मध्ये आले, लाइन ६ चे पॉड १९९८ मध्ये, आणि तेव्हापासून हे काम गणिताकडे गेले: व्हॉल्व्ह कुठे ताणला जातो, स्पीकरची पेटी कोणत्या कंपनांना कापते, हे चिप मोजते आणि सेकंदाच्या बारीक भागात उत्तर देते. २०१९ मध्ये बॉसने जाहीर केलेल्या वाझा-एअर हेडफोनमध्ये ही सगळी यंत्रणा कानावरच आली. मान वळवली तरी अ‍ॅम्प समोर आपल्या जागीच आहे असे वाटावे, म्हणून त्यात डोक्याची हालचाल टिपणारा जायरोस्कोपही आहे.

हे सगळे नकली आहे, असे म्हणणाऱ्यांनी घरोघरच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची आठवण ठेवावी. बेंगळुरूच्या राज नारायण यांच्या रॅडेलसारख्या कंपन्यांनी तो लोकांच्या हाती दिला, तेव्हा भोपळ्याचा आणि जवारीचा नाद त्यात नाही ही तक्रार खरीच होती आणि आजही खरी आहे. पण चांगला तानपुरा न परवडणारे आणि तो जुळवायला कोणी नसलेले कितीतरी विद्यार्थी त्या पेटीमुळे सुरात राहिले. सरावाच्या साधनाने मूळ वस्तूची जागा घ्यावी अशी अपेक्षाच नाही. त्याने कानाला आणि हाताला चुकीचे शिकवू नये, एवढेच पाहायचे. मॉडेलिंग त्या कसोटीला आज पुरेसे उतरते.

बिनतारीपणाबद्दल मात्र सावध राहायला हवे. गाणी ऐकण्याचे साधे ब्लूटूथ हेडफोन गिटारला जोडून कोणी सराव करू पाहत असेल तर त्याने ते तिथेच थांबवावे. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभ्या माणसाला स्वर नऊ मिलिसेकंदांनी ऐकू येतो आणि त्याला ते जाणवतही नाही. साध्या ब्लूटूथमध्ये हा उशीर सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद होतो, म्हणजे अ‍ॅम्प पन्नास ते सत्तर मीटरवर ठेवल्यासारखा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा चौथा भागसुद्धा १२५ मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात लय हातातून गेलेली असते. म्हणूनच वाझा-एअरसारख्या साधनात गिटारसाठी वेगळा रेडिओ दुवा असतो आणि ब्लूटूथ फक्त मोबाइलवरच्या गाण्याच्या साथीला वापरतात. हा वेगळा दुवा हेच त्याच्या किमतीचे एक मोठे कारण, आणि ती किंमत नवशिक्याच्या पहिल्या गिटारहून जास्त भरते. कंत्राटी कामगाराला किंवा आयटीआयच्या अ‍ॅप्रेंटिसला ती झेपणार नाही. त्याने खंत करू नये. गिटारच्या सॉकेटमध्ये खोचायची व्हॉक्सची अ‍ॅम्पप्लग किंवा फेंडरचा मस्टँग मायक्रो आणि वायरवाला चांगला हेडफोन एवढ्यात माझ्या मांडणीतले जवळजवळ सगळे फायदे मिळतात. वायर पायात येते, एवढाच तोटा.

कानांचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि या कारखान्यांच्या पट्ट्यात तो इतर शहरांपेक्षा वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याचा आठवड्याचा हिशेब ८० डेसिबलला ४० तास असा धरला आहे. अमेरिकेतील नायॉश ही संस्था कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तास सांगते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठीची मर्यादा ९० डेसिबल आहे, म्हणजे आधीच सैल. भोसरीच्या प्रेस शॉपमधून किंवा चाकणच्या एखाद्या फोर्जिंगमधून घरी आलेल्या माणसाच्या कानाने दिवसाचा वाटा कंपनीतच संपवलेला असतो. कान नोकरी आणि छंद यांचे वेगळे खाते ठेवत नाही. जे पडते ते एकाच खात्यावर पडते. हेडफोनमध्ये आवाज न कळत वर जातो, कारण कमी आवाजात खालचे आणि वरचे स्वर आपल्याला फिके लागतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. उपाय असा की आवाज वाढवण्याऐवजी खालच्या स्वरांचे बटण थोडे चढवावे, बॅकिंग ट्रॅक गिटारच्या खाली ठेवावा, आणि दिवसभर गोंगाटात काम झाले असेल त्या दिवशी सराव अर्ध्या तासावर आणावा. कंपनीत इअरप्लग न घालणाऱ्याने घरी हेडफोन घेताना आधी इअरप्लगचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. शेजाऱ्याची झोप वाचवून स्वतःचे कान घालवणे हा सौदा कोणीही करू नये.

शेवटचा आक्षेप मात्र मला अर्धा मान्यच करावा लागतो: हेडफोनमध्ये वाढलेला वादक एकटा वाढतो. त्याची लय मेट्रोनोमला ठाऊक असते, ड्रमरला नाही. घरच्यांना त्याच्या वाजवण्यातून फक्त पिकची टकटक ऐकू येते, त्यामुळे ‘हे काल बरे होते’ असे सांगणारे कोणी नसते. वाजवलेले रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकणे ही त्याची थोडी भरपाई. यातली काही उपकरणे ते यूएसबीने करू देतात. पण अ‍ॅम्पच्या आवाजाने तार स्वतःहून हलू लागते आणि स्वर लांबतो, तो फीडबॅक कानात कधीच शिकता येणार नाही. स्पीकरसमोर उभे राहून हात कुठे ठेवायचा हेही नाही. त्याला खोली लागते, आणि ती एका कुटुंबाने बांधायची गोष्ट नव्हे.

महापालिकेकडे चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे अत्रे रंगमंदिर, भोसरीचे लांडगे नाट्यगृह आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ वर्षानुवर्षे कामगारांच्या नाट्यस्पर्धा आणि भजनस्पर्धा घेत आले आहे, आणि त्या स्पर्धांतून यंत्रावरचे कितीतरी हात रंगमंचावर पोचले. त्याच धोरणात जाड दाराच्या, आवाज शोषणाऱ्या दोन-तीन खोल्या बसू शकतात: एक ड्रमसेट, दोन अ‍ॅम्प, तासावर माफक भाडे. तिथे घरी तयार केलेला हात चौघांबरोबर वाजेल. या खोल्या सरकारी कचेरीच्या वेळेत उघडल्या आणि मिटल्या तर दुसऱ्या पाळीच्या माणसाखेरीज कोणाला फारसा उपयोग होणार नाही. सकाळी आठपासून दुसऱ्या पाळीच्या लोकांसाठी, संध्याकाळी पाचपासून पहिल्या पाळीच्या आणि रात्रपाळीला निघण्याआधीच्या लोकांसाठी, आणि रविवारी दिवसभर, असे त्यांचे वेळापत्रक कंपन्यांच्या बसच्या वेळा समोर ठेवूनच लावावे लागेल.