रोग उलटतो तेव्हा

मराठीत रोग ‘उलटतो’, आपला मानलेला माणूस ‘उलटतो’ आणि वर्षेही ‘उलटतात’. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या रुग्णाच्या मनात या क्रियापदाचे तिन्ही अर्थ एकत्र नांदत असतात. अर्बुद काढले गेले. परंतु ते परत येईल काय, आणि आलेच तर दोष कोणाचा, हे दोन प्रश्न मागे उरतात. पहिला प्रश्न वैद्यकाचा, दुसरा नीतीचा. त्यांची गल्लत झाली की रुग्णावर अन्याय होतो.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाची वर्गवारी मांडली. तिचे सूत्र साधे होते: रोग आतड्याच्या भिंतीतच आहे, भिंतीपलीकडे गेला आहे, की लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचला आहे? आजची वर्गवारी अधिक सूक्ष्म असली तरी तिचा गाभा तोच आहे. ग्रंथींत रोग आढळणे, अर्बुद शेजारच्या अवयवात शिरणे, सूक्ष्म वाहिन्यांत वा मज्जातंतूंभोवती कर्कपेशी दिसणे, रोगामुळे आतडे तुंबणे वा फुटणे, या गोष्टींनी रोग उलटण्याचा संभव वाढतो. या यादीतील एक घटक विशेष विचारार्ह आहे. काढलेल्या भागातील किमान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा दंडक आहे. त्याहून कमी तपासल्या गेल्या, तर त्यांत रोग नसला तरीही धोका अधिक धरला जातो. कारण न पाहिलेली ग्रंथी निरोगी होती असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. आपल्या अज्ञानालाही धोक्यांच्या यादीत स्थान देणे, हा शास्त्राचा प्रामाणिकपणा होय.

या यादीत रुग्णाच्या वर्तनाला कोठेही जागा नाही. भारतीय परिभाषेत बोलायचे तर हे सारे प्रारब्ध. बाण सुटून गेलेला आहे. मग क्रियमाणाला काही अर्थ उरतो काय? शस्त्रक्रिया व रसायनोपचार पूर्ण केलेल्या ८८९ रुग्णांच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील एका गटाला तीन वर्षे मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम दिला गेला, दुसऱ्याला केवळ आरोग्यविषयक माहिती. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा सुमारे ८० आणि दुसऱ्यात सुमारे ७४ होते.

शंभरामागे सहांचा हा फरक लहान म्हणता येणार नाही. परंतु हे सहा जण नेमके कोण, हे कोणालाही सांगता येत नाही. नेमाने चालणाऱ्यांपैकी काहींचा रोग उलटला आणि न चालणाऱ्यांपैकी बहुतेक रोगमुक्त राहिले. म्हणजे प्रयत्न सार्थ आहे, पण फळावरून प्रयत्नाची परीक्षा करता येत नाही. रोग उलटला की ‘पथ्य मोडले असेल’, ‘मन खंबीर ठेवले नसेल’ असे म्हणणारे नातलग नेमकी हीच चूक करतात. समूहाविषयीचे सत्य ते एका व्यक्तीवर आरोपपत्र म्हणून बजावतात. त्यात त्यांची दुष्टता नसते. दोषी सापडला की आपण सुरक्षित आहोत, असे भयभीत मनाला वाटते, इतकेच. मात्र त्या दिलाशाची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

जबाबदारी पुढे पाहते, अपराधभाव मागे. उद्या फिरायला जाणे आणि ठरल्या वेळी रक्ताची व आतड्याची तपासणी करून घेणे ही रुग्णाची जबाबदारी म्हणता येईल. कालच्या अहवालातील ग्रंथींचा हिशेब त्याच्याकडे मागता येणार नाही. हा रोग उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या तीन वर्षांतच उलटतो, आणि प्रत्येक निर्वेध वर्षागणिक त्याचा संभव घटत जातो. तोवर रुग्णासोबत राहणाऱ्यांचेही एक कर्तव्य असते. वर्षे उलटोत किंवा रोग उलटो, त्यांनी उलटू नये.